सहा वायरी, ओळीने

कोणतीही गोष्ट क्रमाने लावली की ती सुरळीत चालते, असं मी शेहेचाळीस वर्षं मानत आले. माझ्या सासऱ्यांच्या ट्रकला हे मान्य नाही.

हा ट्रक पेट्रोलवर चालणारा, सहा सिलिंडरचा, लांब नाकाचा आणि वयाने माझ्यापेक्षा मोठा. अप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्यातून तीस वर्षं अक्कलकोटची तूर आणि मंगळवेढ्याची ज्वारी सोलापूरच्या मार्केट यार्डात आणली. मग इंजिनाने राम म्हटला आणि ट्रक आमच्या मागच्या अंगणात लिंबाखाली जाऊन उभा राहिला, तो वीस वर्षं. त्या काळात त्यात मांजरी किती वेळा बाळंत झाल्या याची नोंद माझ्याकडे आहे. (अकरा वेळा.) दर दिवाळीला मी 'घरातली अडगळ' अशी यादी करायची, पहिल्या क्रमांकावर ट्रक लिहायची. अप्पा ती यादी शांतपणे वाचायचे, पहिला क्रमांक खोडायचे आणि बाकीची मला परत द्यायचे.

गेल्या वर्षी पुणे रस्त्यावरच्या एका हॉटेलच्या शेठनी ट्रक मागितला. हॉटेलासमोर उभा करायचा, इंजिन काढून तिथे उसाच्या रसाचं यंत्र बसवायचं, आणि गिऱ्हाइकांनी त्याला टेकून फोटो काढायचे! आमचे हे म्हणाले, "देऊन टाकू. नाहीतरी गंजतोच आहे."

त्या दिवसापासून अप्पांच्या ताटात अर्धी भाकरी उरायला लागली. तिसऱ्या अर्ध्या भाकरीला मी बाजू बदलली.

"तीन महिने द्या," मी ह्यांना म्हटलं. "इंजिन नवं बांधून घेऊ. सुरू झाला तर ट्रक अंगणात राहील, नाही झाला तर शेठचा."

"आणि सुरू करणार कोण? तू?"

"मी यादी करणार," मी म्हटलं. घरात हसण्याचा आवाज झाला, तो मी नोंदवला नाही.

अप्पांचे जुने स्नेही भगवानमामा कुर्डुवाडीचे. रेल्वेच्या कारखान्यातून रिटायर झालेले फिटर. ते दर शनिवारी गाडीने यायचे, इंजिनाचा एकेक अवयव काढायचे, आणि मी त्या अवयवाला चिठ्ठी लावून डब्यात ठेवायची. माझी यादी एक्केचाळीस मुद्द्यांची होती. चाळीस मुद्द्यांवर बरोबरच्या खुणा झाल्या. शेवटचा मुद्दा होता 'टायमिंग'.

तो काय प्रकार, ते मामांनी शेवटच्या शनिवारी समजावून सांगितलं. "ठिणगी पडायची बी एक येळ असते, सूनबाई. पिस्टन वर आला, पेट्रोल दाबलं, की नेमकी तवाच पडाय पायजे. आदी पडली तर लाथ मारतंय, मागनं पडली तर रडतंय."

वेळेला इतकी किंमत देणारा माणूस मला आमच्या घरात आजवर भेटला नव्हता. मी भारावून गेले.

मामांनी डिस्ट्रिब्युटर बसवला. ठिणगी वाटणारी ती गोल टोपी. सहा भोकं, त्यातून निघालेल्या सहा जाड वायरी, आणि प्रत्येक वायर एकेका सिलिंडरच्या प्लगकडे गेलेली. मामांनी हात पुसले. "टायमिंग लावलंय. उद्या सकाळी येऊन चालू करू. तवर कुणी हात लावू नका बरं का."

'कुणी' या शब्दात मी येत नाही, असा माझा एक जुना समज आहे.

रविवारची यादी मी आठवडाभर आधीच करून स्वयंपाकघरात लावली होती. एक, शेठचं स्वागत. दोन, इंजिन सुरू करणे. तीन, शेठना चुरमुऱ्यांची सुशीला आणि चहा. चार, दहा वाजेपर्यंत ट्रक सुरू न झाल्यास तो शेठनी नेणे. खाली सगळ्यांच्या सह्या, शेठचीही आणवलेली, आणि माझ्या प्रत्येक यादीखाली असते ती ओळ, लाल शाईने, दोनदा अधोरेखित: क्रम बदलू नये.

रविवारी सकाळी सहाला मी फडकं घेऊन बॉनेट उघडलं. पाहुणे येणार म्हटल्यावर माझ्याच्याने धूळ बघवत नाही. आणि मला त्या वायरी दिसल्या! सगळ्या एकमेकींवरून गेलेल्या, भिजवलेल्या शेवया जशा. मामांनी प्रत्येक वायरीवर खडूने आकडा घातला होता. टोपीभोवती गोल फिरून मी आकडे वाचले: एक, पाच, तीन, सहा, दोन, चार.

मी पुन्हा वाचले. एक, पाच, तीन, सहा, दोन, चार.

माझं मन मामांबद्दल करुणेने भरून आलं. सत्तरी उलटलेली, शाळा चौथीपर्यंत, डोळे अधू. बिचाऱ्यांच्या हातून होतं असं! चारचौघांत सांगून त्यांचा अपमान कशाला करायचा? मी वायरी उपसल्या आणि टोपीत नीट लावल्या. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. ओळीने. खडू पुसून टाकला, लोणच्याच्या बरण्यांसाठी आणलेली लेबलं चिकटवली, सुवाच्य आकडे घातले आणि सगळ्यांची मिळून पट्टीने एक जुडी बांधली. इतकं देखणं इंजिन सोलापूर जिल्ह्यात दुसरं नसेल. कुणाला सांगितलं मात्र नाही. चांगल्या कामाचा गाजावाजा करू नये.

साडेआठला मामा आले. पावणेनऊला शेठ आले: पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरे बूट. येताना क्रेनच घेऊन आले होते! ती फाटकाबाहेर उभी राहिली आणि तिचा ड्रायव्हर आमच्या अप्पांकडे असा बघायला लागला, की जणू त्यांनाही उचलायचंय.

अप्पा धुवट धोतर नेसून, कपाळाला विभूती लावून स्टिअरिंगवर बसले. वीस वर्षांनी. त्यांनी चाकाला हात लावून नमस्कार केला आणि सेल्फ मारला.

घर्र... घर्र... फाट्!

कार्बोरेटरमधून हातभर ज्वाळ निघाली. शेजारच्या लक्ष्मीअक्का गच्चीवरून ओरडल्या, "अय्यो! कुकर फुटला काय वो?"

आगीची तयारी माझ्या यादीत होतीच. मी बादलीतलं भिजलेलं पोतं उचललं आणि नेम धरून फेकलं. ते मामांच्या डोक्यावर पडलं.

"ज्वाळ हितं हाय, सूनबाई!" पोत्यातून आवाज आला.

"टायमिंग जरा फुडं झालंया," पोत्यातून बाहेर आल्यावर मामा म्हणाले आणि त्यांनी डिस्ट्रिब्युटर केसभर मागे फिरवला. "मारा, अप्पा!"

घर्र... फट्, फाट्! या खेपेला सायलेन्सरमधून. बाराव्या बाळंतपणासाठी आलेली मांजर मागच्या हौद्यातून उडाली ती लिंबावर, आणि लिंबाखाली मी चटणीसाठी वाळत घातलेले शेंगदाणे अंगणभर झाले.

"आता मागं झालं वाटतं," मामा म्हणाले. पुन्हा पुढे. इंजिन दोन सेकंद लंगडत चाललं, रडलं, थांबलं. पुन्हा मागे. पुन्हा पुढे.

"मामा, वायरी एकदा बघता का?" ह्यांनी विचारलं.

"वायरी काल म्या सोताच्या हातानं लावल्यात. त्यात काय बगायचंय?" मामा म्हणाले. "आन् बगा की, कशा गुळगुळीत बसल्यात!"

मी विनयाने खाली बघितलं.

सव्वानऊला शेठ कंटाळून ट्रकच्या मागे फेऱ्या मारायला लागले. हौदा कसा रंगवायचा, ते फोनवर कुणाला तरी सांगत होते. "हितं कुंड्या, हितं लायटिंग..." ते नेमके सायलेन्सरच्या तोंडाशी पोचले आणि अप्पांनी सेल्फ मारला.

ढाम्म!

वीस वर्षांची काजळी, मांजरीच्या बिछान्याचा कापूस आणि एक जुनं घरटं असा सगळा ऐवज एकदम बाहेर आला. धूर विरळ झाला तेव्हा शेठ पुढून पांढरे आणि मागून काळे झाले होते.

"शेठ, लागलं का?" हे धावले.

"लागलं न्हाय," शेठ म्हणाले. "पण ह्याचं इंजिन मी काडणारच. आता तर आदी काडणार!"

दहाला पाच कमी होते. अप्पा सीटवरून हलले नव्हते. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर, जणू रस्ता मोकळा व्हायची वाट बघताहेत. मामांनी पाना पुसला आणि पिशवीत ठेवला. मग दुसरा पाना. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"अप्पा, मला माफ करा," ते म्हणाले. "हात म्हातारं झालं. तुमची गाडी माज्यामुळं हातची चालली."

"बेड, बेड," अप्पा हलकेच म्हणाले. मन फार भरून आलं की त्यांचं 'नको' कानडीत जातं. "असं बोलू नगंस, भगवान."

"न्हाय कसं? चाळीस वर्सं हेच केलं मी. झोपेत उटवून इचारलं तरी सांगीन: एक-पाच-तीन-सहा-दोन-चार. एकदा बी चुकलो न्हाय. आन् आज..."

माझ्या पायाखालची फरशी सरकली. अंगणात फरशी नाही, तरी सरकली.

"मामा," मी विचारलं, "काय म्हणालात? पाचनंतर तीन?"

"व्हय की. फायरिंगचा नंबर हाय त्यो."

"म्हणजे ते... तसंच असतं?"

"मग कसं असणार?"

मी आयुष्यात पुष्कळ याद्या वाचून दाखवल्या आहेत, पण पुढचं वाक्य वाचायला माझ्याकडे कागद नव्हता. "मी सकाळी ते ओळीने लावलं," मी म्हटलं. "मला वाटलं... तुमचं चुकलं."

लिंबावरची मांजरसुद्धा माझ्याकडे बघत होती.

मामांनी लेबलं वाचली. बोट लावून एकेक वायर मोजली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडताहेत. ते हसत होते. "एक आन् तीन तेवडं जाग्यावर हायेत! चार सिलिंडर उलटं-पालटं! आरं, दोघांच्या जिवावर किती बोंबलंल बिचारी!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सूनबाई, खाट उचलायला सा माणसं लावली, तर ती एका कडंनं वळीनं उचलत्यात का? एक हिकडनं, एक तिकडनं. तवा खाट डुलत न्हाय."

"दहा वाजून गेले," शेठ म्हणाले. क्रेनवाल्याने इंजिन सुरू केलं. त्याचं एका झटक्यात सुरू झालं, हे मला फार लागलं.

हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "अप्पा, ठरलं होतं ते ठरलं होतं. कागदावर सह्या आहेत."

अप्पांनी पहिल्यांदा मान वळवली. "कागद आण," ते म्हणाले.

मी स्वयंपाकघरातून यादी आणली. अप्पांनी ती हातभर लांब धरून वाचली. एक. दोन. मग थांबले.

"तिसरं काय हाय? शेठना सुशीला आणि चा. शेठ, झाला का चा?"

"न्हाय," शेठ म्हणाले. "सकाळपास्नं नुसता धूर."

"सुशीला?"

"न्हाय."

"मग चौथं कसं येईल? खाली बघ की, लाल शाईनं काय लिवलंय." अप्पांनी कागद ह्यांच्या नाकाशी नेला. "क्रम बदलू नये. सही तुजीच हाय न्हवं? आन् शेठची बी."

शेठनी कागद बघितला. अप्पांकडे बघितलं. मग आपल्या पँटच्या मागच्या बाजूला हात लावून हात बघितला. "द्या चा," ते म्हणाले. "पण एकच कप पिणार."

मी आयुष्यात इतक्या सावकाश सुशीला केली नाही. कांदा एकेक पदर सोडवून चिरला. अंगणात शेठ क्रेनवाल्याला थांबायची खूण करून बसले आणि मामांनी वायरी पुन्हा लावल्या, मोठ्याने म्हणत: एक, पाच, तीन, सहा, दोन, चार. मी आतून मनात म्हणत होते. पहिली ते दहावी पाढ्यांना इतका जीव लावला नव्हता.

घर्र... घर्र... आणि इंजिन चालू झालं! फाट् नाही, ज्वाळ नाही. पण अजून थरथरत होतं. मामांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली. मग तो खाली ठेवला.

"अप्पा, तुमी सांगा. तुमी तीस वर्सं बसलाय हिच्यावर. मी फिरवतो."

अप्पांनी डोळे मिटले. मामा डिस्ट्रिब्युटर केसाकेसाने फिरवत होते.

"अजून... अजून जरा... न्हाय, तिकडं न्हाय... हं..." आणि एकदम, "बास!"

थरथर थांबली. आवाज असा लागला, जसा जात्यात ज्वारी पडल्यावर लागतो. मामांनी नट आवळला. मी सुशीलेची बशी घेऊन दारात उभी होते, ती थंड झाली तरी मला कळलं नाही. अप्पांनी गिअर टाकला, ट्रक फाटकापर्यंत नेला आणि क्रेनसमोर थांबवून हॉर्न दिला. क्रेनला मागे जावं लागलं.

शेठनी सुशीला खाल्ली, तीन कप चहा प्यायले आणि जाताना म्हणाले, "चालू गाडीचं इंजिन काडलं तर पाप लागंल. पण ह्या बाईंना आमच्या हॉटेलात पाटवू नका."

रात्री अप्पांनी दोन भाकरी खाल्ल्या. मी हिशोब केला: माझ्या यादीने ट्रक वाचवला हे खरं, पण तो वाचला, कारण तिसऱ्या मुद्द्याचा मला विसर पडला होता.

आता बॉनेटच्या आतल्या बाजूला मामांनी पांढऱ्या रंगाने १-५-३-६-२-४ लिहिलंय. त्याखाली अप्पांच्या सांगण्यावरून, घरात सगळ्यांत चांगलं म्हणून माझ्याच अक्षरात, लाल रंगाने: क्रम बदलू नये. शिवाय मी स्वतःसाठी एक तक्ता केलाय. रोज बॉनेट उघडायचं, धूळ पुसायची, वायरींना हात न लावता परत यायचं आणि चौकोनात बरोबरची खूण करायची.

गेल्या महिन्यातला एक चौकोन रिकामा आहे. मामांना अजून सांगितलेलं नाही.