संतिणीला गजरा

आमच्या वसईच्या चर्चमध्ये मध्ययुगातल्या एका संतिणीचा पुतळा आहे. बापानं लग्न ठरवलं तेव्हा तिनं स्वतःच्या हातानं केस कापले आणि मठ गाठला. घरच्यांनी तिला तिथूनही ओढून आणायला माणसं पाठवली. फादर हे दर सणाला प्रवचनात सांगतात आणि आम्ही माना डोलावतो.

परवा सणाची मिस्सा संपल्यावर शेजारची फिलोमिना लेकीला घेऊन पुतळ्यापाशी गेली. संतिणीच्या डोक्यावरून घेतलेल्या वस्त्रावर तिनं मोगऱ्याचा गजरा चढवला.

"काय मागितलंस गं?" मी विचारलं.

"चांगलं स्थळ आलंय, पण ही नाहीच म्हणते. हिला जरा बुद्धी दे म्हटलं."

ज्या बाईनं नाही म्हणण्यापायी केस उतरवले, तिच्याकडेच आता होकार मागायचा. जिवंत असती तर फिलोमिनानं तिला दारात उभं केलं नसतं. संतपद दिलं की बाईचं तोंड कायमचं बंद होतं, आणि वर तिला फुलंही वाहता येतात.

दुसरा गजरा फिलोमिनानं लेकीच्या केसांत माळला. पोरीनं मान हलवली नाही. पुतळ्यानंही हलवली नव्हती.