मोहरी तडतडली न्हाय

हसायचं असंल तर आधी हातातला चहा खाली ठेवा. चूक माझीच हाय, पण मला अक्कल शिकवायला कुणी येऊ नका.

माझी नात सुजाता बारामतीला कॉलेजात झाडाझुडपांचं शिकायची. सहलीला पार हिमाचलच्या डोंगरात गेली आन तितनं एक रानफूल कागदात दाबून घेऊन आली. जांभळं, चार पाकळ्यांचं, खाली दोन वाळक्या शेंगा.

"आबा, हे मोहरीच्या घराण्यातलं हाय."

"जांभळी मोहरी? साठ वर्षं आपल्या डाळज गावची माती उकरतोय मी, मला सांगती व्हय?"

"उद्या आमचे सर जेवायला येत्यात. त्यांनी ह्या फुलाचं नाव लावलं, तर हा कागद कॉलेजच्या कपाटात कायमचा राहील. खाली आपलं आडनाव."

मला घोर पडला. मोहरी नसली तर सरांपुढं पोरीची शोभा. मग म्हणलं, आपणच खात्री करू. मोहरी ओळखायला शाळा कशाला लागती? तेलात टाकायची. तडतडली तर मोहरी.

दुसऱ्या दिवशी सूनबाई स्टोव्हवर तेलाचं पातेलं ठेवून परसात कढीपत्ता तोडाय गेली. मी दोन्ही शेंगा चोळल्या आन दाणे तेलात सोडले. हूं न्हाय की चूं न्हाय. तेवढ्यात तिची पावलं वाजली, मी सटकलो.

सर जेवाय बसले. आमटीचा पहिला भुरका मारला आन तवा माझ्या ध्यानात आलं. तडतडली न्हाय, म्हंजे मोहरी न्हाय. मग ह्या माणसाच्या पोटात कसलं डोंगरातलं इख चाललंय?

"सर, आमटी राहू द्या. आंबलीय."

"मामंजी, आत्ता केलीय मी," सूनबाईनं डोळे वटारले.

"झकास झालीय," म्हणून सरांनी दुसरी वाटी घेतली. दवाखान्यात न्यायला जीप कुणाची मिळंल, एवढंच माझ्या डोक्यात.

हात धुऊन सरांनी कागद उघडला. "घराणं मोहरीचंच आहे, फुलावरून कळतं. पण नाव शेंगेवरून लागतं. शेंगा कुठं आहेत?"

सुजाता पांढरी पडली.

"तुमच्या पोटात," मी म्हणलं, आन सगळं सांगून टाकलं.

सरांनी कागद परत मिटला. "विषारी नाही, घाबरू नका. पण आबा, तेल तापलं होतं का?"

मी सूनबाईकडं बघितलं.

"स्टोव्ह तर मी कढीपत्ता आणल्यावर पेटवला," ती म्हणाली.

साठ वर्षं फोडणीचं खाल्लं, घातली एकदाबी न्हाय. तो कागद काय कपाटात गेला न्हाय, आमच्याच भिंतीवर हाय. फुलाच्या नावाची जागा मोकळी. आन शेंगांपुढं नातीनं लिवलंय, 'आबांनी तपासल्या.'