माझी वही फाडून पेटवलेली बुखारी

दोस्तांनो, डोकं लई तापलंय. आमची फौजेची चौकी कुठं हाय ते सांगता येत न्हाई, पण थंडी अशी की बुखारी, म्हंजे आमची लाकडं जाळायची शेगडी, विझू देता येत न्हाई.

पीटी, पहारा, हत्यारसफाई यातून वीस मिनिटं काढून मी नाईक व्हायच्या, म्हंजे बढतीच्या परीक्षेचा अभ्यास करतो. गावात हळद शिजवायला बसवलं तरी मी कुस्त्या बघायला पळायचो. जिंदगीत पहिल्यांदा एक वही भरली.

सकाळी पहाऱ्यावरून आलो, तर माझ्यासंगचा जवान, डोंगरकडा गावचा सोपान, तीच वही फाडून बुखारी पेटवून राहिला होता. "मास्तर, तुझ्या अभ्यासानं चहा तरी झाला!" सगळे हसले.

दुपारी साहेबांनी सांगितलं, परीक्षा परवा, सोपानचीबी. लगेच जवळ आला. "भाऊ, नकाशाचं तेवढं समजावून सांग ना."

"बुखारीला विचार. तिनं सगळं वाचलंय."

लिहून लिहून मला पाठ झालंय. त्याला एक अक्षर सांगणार न्हाई. आपल्या हिंगोलीचाच हाय, माफ कर, असं कमेंटमधी कोणी लिहू नका.

नाईक झालो की माझा पहिला हुकूम सोपानलाच. कोणता देऊ, तेवढं सांगा.