बोटीतली मधली खाट

माझ्या नवऱ्याची बोट बघायला मी समुद्राच्या तळाला जाऊन आले, हे आमच्या हिंगोलीकडल्या गोरेगावात कोणाला सांगितलं की आधी हसतात आणि मग विचारतात, "काहून?" काहून म्हणजे? सवत बघायला! असं म्हणलं की बाया अजूनच हसतात. मला मात्र हसू येत न्हाई, कारण मी खरंच तेवढ्यासाठी गेले होते.

आमचे मालक सरकारी बोटीवर नोकरीला होते. हिंगोली जिल्ह्यातलं पोरगं, पाणी बघितलेलं ते विहिरीचं, न्हाईतर कयाधू नदीचं, आणि गेलं ते एकदम समुद्रावर. लग्नानंतर ते वर्षातून एकदा सुट्टीला यायचे. मी इथं सासू-सासरे, शेत, शेळ्या सांभाळायची. "एकदा दाखवा की तुमची बोट," म्हणून मी त्यांचा जीव खायची. "पुढच्या साली नक्की," म्हणायचे. पुढच्या साली सोयाबीन काढणीला यायचं, न्हाईतर शेळ्या व्यायला टेकायच्या. असं करता करता नोकरी संपली, ते हिंगोलीला बँकेत वॉचमन झाले, आणि माझं बोट बघणं राहूनच गेलं.

मागच्या साली ते आजारी पडले. ताप डोक्यात गेला आणि शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला ओळखलंच न्हाई. ते बोटीवर होते. मला 'तुमी' म्हणायचे, संगं काम करणाऱ्या माणसाला म्हणावं तसं. "तुमची ड्युटी संपली का? जाऊन झोपा." मी हात धरून सांगायची, "अहो, मी हाय. आपण घरी आहोत." ते नुसती मान हलवायचे आणि हिंदीत कोणाला तरी हाका मारायचे. तसेच गेले.

सारा जन्म मी भाकरी थापली, आणि जाताना यांना मी आठवू नये? आठवावं काय, तर लोखंड! माणूस गेल्याचं दुःख लोकांना दिसतं, त्यांच्यापुढं रडता येतं. हे दुसरं दुःख मी कोणाजवळ बोलले न्हाई. पण एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. त्या बोटीत असं काय होतं की शेवटाला त्यांना घर सोडून तिथं जावं वाटलं, ते मला माझ्या डोळ्यानं बघायचं होतं.

पोरगी पुण्याला नोकरीला आहे. तिनंच एकदा फोनवर सांगितलं, बाबांची बोट मोडीत न काढता कोकणातल्या समुद्रात मुद्दाम बुडवली, तिच्यावर प्रवाळ वाढावं, माशांना घर व्हावं म्हणून. पाठीवर हवेची टाकी बांधून लोक ती बघायला उतरतात म्हणे. "मला ने," मी म्हणलं. "आई, डोकं फिरलं का तुझं?" "फिरू दे. विहिरीत बुड्या मारायला मी तुझ्या बापाच्या आधी शिकले." आठ दिवस रुसून बसले, तवा कुठं ती तयार झाली.

डॉक्टरनं तपासलं, मग पोहायच्या तलावात सराव झाला. आमच्याकडं पाठीला वाळका भोपळा बांधून लेकराला विहिरीत सोडतात. भोपळा सुटला की बुडी. दम धरून तळाला जायचं आणि गाळ मुठीत घेऊन वर यायचं. मूठ रिकामी असली तर बुडी मोजत न्हाईत. माझी मूठ कधी रिकामी आली न्हाई. शिकवणाऱ्या मुलाला मी हे मोठ्या तोऱ्यात सांगितलं, तर तो घाबरलाच. "काकू, ते सगळं विसरा. खाली श्वास अजिबात रोखायचा नाही. रोखून वर आलात तर फुप्फुस फाटेल." मी व्हय व्हय म्हणलं.

समुद्राचं पाणी कोमट होतं, आंघोळीला काढून ठेवल्यासारखं. दोर धरून मी आणि तो शिकवणारा मुलगा, आमी दोघं हळूहळू उतरलो. पोरगी वर नावेतच थांबली. आधी नुसतं हिरवं हिरवं, काहीच दिसंना. मग एकदम ती समोर आली. बाई गं! केवढी मोठी! लोखंडावर शिंपले बसलेले, शेवाळ लोंबतंय, पट्ट्यापट्ट्याचे मासे आतून बाहेर, बाहेरून आत. नांदतं घर वाटलं मला. सवतीचं नांदतं घर! चार शिव्या तोंडाशी आल्या होत्या, पण तोंडात ती नळी.

मालक नेहमी सांगायचे, मागच्या अंगाला, जिन्याखाली तीन मजली खाटा, त्यातली मधली माझी. ते मी त्या मुलाला आधीच सांगून ठेवलं होतं. तिथं बोटीच्या कुशीला मोठं भगदाड पाडलेलं होतं. आत जायची परवानगी न्हाई म्हणून त्यानं बाहेरूनच टॉर्च मारला.

खाटा न्हाईत. बुडवायच्या आधी सगळं काढून नेलेलं. भिंतीला खाटा अडकवायचे आकडे तेवढे राहिले होते, एकावर एक, एकावर एक. मी दोन आकड्यांमधली जागा बघितली. मधल्या खाटेवर निजलेल्या माणसानं कूस बदलली तर खांदा वरच्या खाटेला लागावा, एवढीच. सगळी खोली आमच्या शेळ्यांच्या कोठ्याएवढी न्हाई. खिडकी म्हणजे ताटलीएवढं एक भोक, तेही पार टोकाला. एवढ्याशा जागेत त्यांनी सगळी जवानी काढली? आणि मला सांगायचे काय, "मजेत राहातो, काही तकलीफ न्हाई."

मी ते बघत राहिले आणि कधी दम धरला मलाच कळलं न्हाई. छाती भरली आणि मी वर उचलली गेले. त्या मुलानं पाय धरून खाली ओढलं, माझ्या तोंडापुढं हात नाचवून नाचवून 'सोडा, सोडा' अशी खूण केली. बुडबुडे सुटले तवा त्याच्या जिवात जीव आला. पण पुन्हा तिकडं जाऊ दिलं न्हाई, सरळ वरचा रस्ता धरला. वर आल्यावर मला चांगलाच रागावला, आणि त्याचं बराबरच होतं.

पोरीनं टॉवेल गुंडाळला. "दिसली का गं बाबांची जागा?"

"दिसली."

"मग रडतीस काहून?"

काय सांगू हिला? ते मला टाकून आपल्या आवडीच्या जागी गेले, असं धरून मी वर्षभर जळत होते. आवडीची जागा! तिथं आवडीनं कोण जाईल? तापानं त्यांना उचलून परत त्या मधल्या खाटेवर नेऊन टाकलं होतं, आणि ते तिथून हाका मारत होते.

"तुझे बाबा तिथं एकटे होते गं," मी म्हणलं. "आणि मी त्यांना सांगत बसले, आपण घरी आहोत म्हणून. घरी नुसती मीच होते."