पार्वताआत्यानं स्वतःवर घेतलेला बोल

श्रावणातल्या एका सकाळी ऑफिसला निघत होतो, तेवढ्यात सुनीलचा फोन आला. "दादा, आई गेली," एवढंच तो म्हणाला. सुनील माझा आतेभाऊ, आणि त्याची आई म्हणजे माझी पार्वताआत्या. नाशिकहून तिच्या गावाच्या, देवळ्याच्या एसटीत बसलो, तेव्हा रडू येण्याआधी मनात दुसरीच गोष्ट आली... आता तिची माफी मागायची राहूनच गेली.

आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती. पुढची आठ वर्षं मी आत्याच्या घरी राहून शिकलो. तिचे यजमान लवकर गेले होते आणि कांद्याची शेती तीच पाहायची. मी बी.ए. झालो, आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. आत्याला वाचता येत नव्हतं, पण आल्यागेल्याला ती अभिमानानं सांगायची, "आमचा बाळू पेपर पहिल्या पानापास्नं शेवटापर्यंत वाचतो." तिची स्वतःची विद्या वेगळी होती. उन्हाळ कांदा निघाला की तो बांबूच्या पट्ट्यांच्या, जमिनीपासून वर उचललेल्या चाळीत साठवायचा. रोज सकाळी आत्या चाळीभोवती फिरायची, पट्ट्यांना नाक लावायची आणि कुठल्या कप्प्यात कांदा सडायला लागलाय ते बरोबर सांगायची. एकदा मी हसलो, तर म्हणाली, "हस, हस. तुझ्या बी.ए.ला येतो का वास?" तिचा एक नेम होता. अर्धी चाळ पोळ्याआधी विकायची, अर्धी पोळ्यानंतर. भाव कितीही चढो, कितीही पडो, तो नेम तिनं कधी मोडला नव्हता. फक्त एकदा मोडला, आणि तो माझ्यामुळे.

नव्वदच्या दशकातली ती गोष्ट. मी नाशिकला हंगामी कारकून म्हणून नुकताच लागलो होतो. त्या वर्षी कांद्याचा भाव आठवड्याला चढत होता. पोळ्याच्या आधी मी देवळ्याला गेलो, तर अंगणात ट्रॅक्टर उभा होता आणि आत्या चाळ उघडायच्या तयारीत होती. मी पिशवीतून वर्तमानपत्र काढलं. माल कमी आहे, परदेशातून मागणी आहे, भाव आणखी वाढणार, असं सगळं वाचून दाखवलं आणि म्हणालो, "आत्या, तू थांब. आत्ता कशाला काढतेस?"

"सगळी चाळ ठेवू म्हणतोस?"

"सगळी ठेव."

तिनं चाळीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि ट्रॅक्टरवाल्याला म्हणाली, "जा बाबा, माघारी जा. आमचा शिकलेला माणूस नाय म्हणतो."

त्याच पेपरात, त्याच पानावर, महाग कांद्यावरून शहरात चाललेल्या ओरडीची बातमी होती. ती मी वाचली नव्हती असं नाही. ओरड वाढली की दिल्ली काय करते, हे मला कळलं नाही. दसरा झाला आणि सरकारनं निर्यात बंद केली. दोन दिवसांत भाव कोसळला. लासलगावला आत्याच्या ट्रॉलीतला कांदा व्यापारी हातात घ्यायचे, बघायचे आणि परत टाकायचे. उरलेला माल चाळीतच राहिला. त्यात अवेळी पाऊस आला आणि कांद्याला पाणी सुटलं. इकडं आमच्या ऑफिसात मात्र सगळे खुशीत होते. "सुटलो एकदाचे," असं म्हणत संध्याकाळी लोक पिशव्या भरून कांदा नेत होते. माझ्याही हातात एक पिशवी होती.

सुनील त्याच वर्षी नाशिकला कॉलेजात आला होता, वसतिगृहात राहत होता. दिवाळीला तो घरी गेला, तो परत आलाच नाही; फीला पैसे उरले नव्हते. भाऊबीजेला मी गेलो. आम्ही जेवायला बसलो होतो. सुनील ताटातून वर न बघता म्हणाला, "आईला हाव सुटली. पोळ्याला कांदा काढला असता तर माझं कॉलेज सुटलं नसतं." आता आत्या माझं नाव सांगेल, असं वाटलं. ती भाकरी थापत होती. थापतच म्हणाली, "हो रे बाबा. सुटली हाव. माझंच चुकलं."

आणि मी गप्प बसलो. मी शिकलेला, पेपर वाचणारा, तिच्या घरची भाकरी खाऊन मोठा झालेला... मी गप्प बसलो. नंतर मागच्या दारी तिला गाठलं, तर म्हणाली, "तुला लोक इचारतात, तुझं ऐकतात. ते तसंच राहू दे. पोरगा काय, माझाच हाय. राग जाईल त्याचा."

राग गेला नाही. सुनीलनं शेती उत्तम केली, आईला काही कमी पडू दिलं नाही, पण तिच्याशी तो कामापुरतंच बोलायचा. अशी कितीतरी वर्षं गेली. या वर्षांत निर्यात कितीदा बंद झाली, कितीदा सुरू झाली. दर वेळी मी ठरवायचो, या खेपेला सुनीलला सांगायचं. आणि दर वेळी चहा पिऊन परत यायचो.

तेरावं झाल्यावर आम्ही दोघं चाळीत सडका कांदा निवडत बसलो होतो. सुनील म्हणाला, "दादा, पोळा आला. काढू का ठेवू? तू सांग."

तेव्हा मी सांगितलं. वर्तमानपत्र, ट्रॅक्टर, माघारी पाठवलेला माणूस... सगळं.

हातातला कांदा बाजूला ठेवून तो म्हणाला, "ती असताना सांगायचं होतंस."

तो उठला, नळावर हात धुतले आणि आत्याच्या खोलीत गेला. तिथं तिच्या फोटोपुढं दिवा होता. दार त्यानं लोटून घेतलं. मी बाहेर कांदा निवडत राहिलो. थोड्या वेळानं आतून त्याचा आवाज यायला लागला, हळू, थांबत थांबत. शब्द कळत नव्हते. तो आईशी बोलत होता.