चार जोड्यांचं पठार

आमच्याकडे डोंगरातली वाट जोड्यांत मोजतात. दगडचाव्या माशाच्या कातड्याचे जोडे. किती झिजले, तेवढी वाट. घरामागचं पठार चार जोड्यांचं: दोन जायला, दोन यायला.

हा मासा थंड तळाशी, कपारीत राहतो. नर अंड्यांच्या गोळ्याला वेटोळं घालून हिवाळाभर उपाशी बसतो. त्याचे दात गळतात. वसंतात नवे दात घेऊन तो शिंपले फोडायला किनाऱ्याशी येतो, तेव्हा आम्ही जगतो. त्या वर्षी समुद्रातून बर्फ वाहत आला आणि खाडी बुजली. मासा खाली होता, आम्ही वर. माझा भाऊ मासेमारीच्या हंगामाला गेलेला, तो बर्फापलीकडे अडकला.

मेंढीचं कातडंसुद्धा आम्ही उकडून खाल्लं होतं. उरली होती चार जोड्यांपुरती माशाची कातडी. माझी वहिनी राग्नहिल्दुर ती भिजवून शिवत बसली. पठारापलीकडची खाडी मोकळी होती, आणि माझा पाय जन्मापासून अधू. जायचं तिनेच.

"एक जोड भाज," बाबा म्हणाले. "पोरं आता रडतसुद्धा नाहीत."

"मग परत येताना पायांत काय घालू, मामंजी? तुमची दाढी?"

"दाढी उंबऱ्यापर्यंतही टिकायची नाही, सूनबाई."

वहिनीची धाकटी साल्व्होर एका जोड्याचा वास घेत होती. वहिनीने तो तिच्या हातातून काढून घेतला.

पाचव्या दिवशी ती आली. पाठीवर मासे, पायांना चिंध्या. डाव्या पायाची दोन बोटं काळी पडली होती. मी सुरी तापवली.

"चौथा जोड कुठं पडला, वहिनी?"

"पडला नाही." ती छताकडे बघत होती. "जाताना माथ्यावर बसले आणि खाल्ला. सगळा. चावताना मुलं आठवली नाहीत, वन्सं. गिळून झाल्यावर आठवली."

मी बोटं कापली.

मासा शिजला. तिन्ही मुलं हातांनी खाऊ लागली. साल्व्होरने दोन घास गिळले, तिसरा आईच्या तोंडाशी नेला.

"खा ना, आई."

वहिनीने दात आवळले आणि मान भिंतीकडे वळवली. पोरगी घास धरून उभी राहिली. हात दुखला, तेव्हा तिने घास दुसऱ्या हातात घेतला.