कडू कंदाचा पहिला घास

आठवडी बाजारात एक बाई कडू कंदाचे उकडलेले काप विकायला घेऊन बसली होती. माझ्या सासूबाई ते पाहून थबकल्या. "वाहत्या पाण्यात ठेवले होते ना?" त्यांनी विचारलं. "रात्रभर ठेवले होते," बाई म्हणाली, तरी सासूबाईंनी कापांना हात लावला नाही.

परतताना रिक्षात त्या आपणहून बोलू लागल्या. त्या लहान असताना एका वर्षी पाऊसच झाला नाही. घरातलं धान्य संपलं, तेव्हा त्यांच्या वडिलांनी रानातून हे कंद खणून आणले. कंद विषारी, आणि विष धुऊन काढायला ओढ्याला पाणी नाही. आईने राख घालून ते पुन्हा पुन्हा उकळले. मुलं ताटल्या घेऊन बसली, तेव्हा त्यांची विधवा आत्या म्हणाली, "थांबा. आधी मी खाते. माझ्यामागे रडायला कोणी नाही."

माणसं मुंग्या खातात, साप खातात, झाडाची साल खातात, याचं आपण हसत हसत नवल करतो. पण तो पहिला घास कुणी घेतला असेल, आणि तेव्हा त्याच्या तोंडाकडे कोण बघत बसलं असेल, हे कधी मनात येत नाही.

"मग?" मी विचारलं.

"पहाटे गेली. आम्ही सगळे खूप रडलो."

सासूबाईंनी मांडीवरची बाजाराची पिशवी सरळ केली. मग हळूच म्हणाल्या, "दुपारी आईने उरलेले काप परत उकळले. आणि आम्ही ते खाल्ले."